मधमाशी : वाचलेली आणि पाहिलेली

मधमाशी म्हणजे उद्योगाची मूर्ति, असें आपण लहानपणापासून वाचीत आलों आहों. निबंधांत ती हटकून येते, आळशी मुलास तिचा दाखला देण्यांत येतो, आणि तेथेंच तिच्याशीं आपला संबंध संपतो. परंतु तिचे गुण गाणाऱ्यांपैकीं कितीजणांनीं एखाद्या फुलापाशीं पाव तास उभें राहून तिला पाहिलें असेल? माझ्या मतें मधमाशीपासून पहिला धडा घ्यावयाचा तो उद्योगाचा नव्हे, निरीक्षणाचा.

मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञानें गेल्या शतकाच्या मध्यास एका माशीवर खूण करून तिचा दिनक्रम शंभराहून अधिक तास टिपून ठेवला. तिचा पुष्कळसा वेळ पोळ्यावर हिंडण्यांत व स्वस्थ बसण्यांत गेलेला आढळला! तसेंच, मधमाशीस रंग मुळींच कळत नाहींत, असें एका नामांकित पंडिताचें मत १९१४ च्या सुमारास होतें. कार्ल फॉन फ्रिश यांनीं करड्या कागदांच्या अनेक छटांमध्यें एक निळा कागद मांडून त्यावर साखरेचें पाणी ठेविलें. पुढें पाणी काढून घेतलें, तरी माशा निळ्या कागदावरच उतरत. या प्रयोगास कागद, साखर आणि धीर यांहून अधिक काय लागलें? याच फ्रिश यांस माशांच्या नृत्याचा अर्थ उलगडल्याबद्दल १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला.

आतां आपल्या अंगणाकडे वळूं. शोभेसाठीं आपण क्रोटन आणि भरगच्च दुहेरी पाकळ्यांचीं फुलें लावतों. अशा पुष्कळ फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. माशीस तेथें फारसें कांहीं मिळत नाहीं. उलट तुळस, सब्जा, सूर्यफूल, फुलावर आलेली कोथिंबीर, शेवगा यांपाशीं सकाळीं पाहा! माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या पिवळ्या गोळ्या दिसतील. एका फेरींत ती बहुधा एकाच जातीचीं फुलें धुंडाळते, हेंहि ध्यानांत येईल. भोपळ्याच्या वेलावर नराचें फूल निराळें व मादीचें निराळें. मादीफुलाच्या तळाशीं चिमुकलें फळ असतें. पराग न पोंचल्यास तें पिवळें पडून गळतें. म्हणजे माशी रुसली तर नुसता मधच नव्हे, ताटांतील भाजीहि जाते.

कोणी म्हणतील, माशी डसेल त्याचें काय? भय खोटें नाहीं. आग्या माशीच्या मोहोळाजवळ मुलांनीं कदापि जाऊं नये, आणि ज्यास डंखानें विकार होतो त्यानें दूरच राहावें. परंतु फुलावर कामांत असलेली सातेरी माशी, तिला चिरडलें वा धरलें नाहीं, तर सहसा वाटेस जात नाहीं. हा भेद मुलांस न शिकवितां सरसकट मोहोळें जाळणें, हा भयावरील उपाय नव्हे; तें अज्ञान आहे.

म्हणून पालकांस विनंती कीं, अंगणांत वा खिडकींतील कुंडींत निदान एक तुळस फुलूं द्यावी, मंजिऱ्या लगेच खुडूं नयेत, आणि फुलांवर विषारी औषध फवारूं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, पुढील निबंधांत मधमाशीस उद्योगी म्हणण्यापूर्वीं एक सकाळ तिच्यासाठीं द्या. जें स्वतः पाहाल तेंच लिहा. तें चार ओळींचें असलें तरी तुमचें स्वतःचें असेल.