उशाशी दोन पुस्तकं

आमच्या क्लबातल्या एक बाई मला नेहमी म्हणतात, "या वयात कादंबऱ्या कसल्या वाचता? काही खरं वाचा." अहो, खरंही वाचते की! पण आधी कादंबरी, मग त्याच काळाचा इतिहास, असा माझा क्रम.

आता विश्राम बेडेकरांची 'रणांगण' घ्या. १९३९ साली आलेली, लहानशीच. युरोपातून निघालेल्या बोटीवर एक मराठी माणूस नि हिटलरच्या जर्मनीतून सुटलेली ज्यू मुलगी हॅर्टा. आपल्या लोकांचं दुःख मराठीत इतक्या लवकर लिहिलं गेलं, हे आपल्या नातवंडांना ठाऊक तरी आहे का?

ती मिटली नि 'सेंट लुईस' बोटीची हकीकत काढली. तीही १९३९ चीच. ९३७ उतारू, बहुतेक सगळे ज्यू. क्यूबाने २८ जणांना उतरू दिलं, अमेरिकेने तर कोणालाच नाही. बोट परत युरोपला! पुढच्या संहारात त्यांच्यातले २५४ जण गेले. बेडेकरांनी लिहिलं तेव्हा हे पुढचं कोणाला माहीत होतं?

वॉर्डात मी रोज चार्ट भरायची, पण घरी आल्यावर डोळ्यांपुढे राहायची ती खाटेवरची बाई. तसंच हे. हॅर्टा भेटली नसती तर ते २५४ चार दिवसांत विसरले असते. आणि आकडा कळला नसता तर हॅर्टासाठी रडून मोकळी झाले असते.

माझ्या प्रतीचा बारीक टाइप आता चष्म्यालाही झेपत नाही. कोणाकडे मोठ्या अक्षरांची असेल तर निरोप द्या, मी स्वतः घ्यायला येईन.