दंड भरल्याने भिंत मजबूत होत नाही!

नांदेड आणि लातूर शहरांत आज जी तीन-चार मजली घरे उभी आहेत, त्यांतली किती भूकंपाच्या मोठ्या धक्क्यात तग धरतील? हा प्रश्न आम्ही दोन्ही महापालिकांना, दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना आणि मुंबईत बसलेल्या नगरविकास खात्याला जाहीरपणे विचारतो. उत्तर टाळण्याचा अधिकार त्यांतल्या एकालाही नाही. १० जुलै २०२४ च्या सकाळी कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ जमीन हादरली. ४.५ तीव्रतेचा तो धक्का नांदेडपर्यंत पोचला आणि माणसे लेकरे उचलून रस्त्यावर आली. त्याच वर्षी २१ मार्चलाही हा भाग तेवढ्याच जोराने हलला होता. २००७ च्या अखेरीस तर खुद्द नांदेड शहराच्या पोटातून गूढ आवाज येत होते. २०२२ साली निलंगा तालुक्यातल्या हासोरीच्या लोकांना घरात निजायची भीती वाटू लागली. दर वेळी साहेब लोक येतात, ‘घाबरू नका’ म्हणतात आणि गाडीत बसून जातात. लोकांना निर्धास्त झोपता येईल अशी घरे बांधली जातात की नाही, हे पाहणे सरकारचे काम आहे. ते काम झालेले नाही.

ज्यांना हा बागुलबुवा वाटतो, त्यांनी १९९३ साल आठवावे. दख्खनचा कातळ हलत नाही, अशी समजूत होती. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने तिला हादरा दिला. पण धरणाचे निमित्त सांगून बाकीचा महाराष्ट्र निश्चिंत राहिला. भूकंपप्रवणतेच्या सरकारी नकाशात किल्लारी तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात तिथे धक्क्यांवर धक्के बसले, लोक भेदरले, पण नकाशावर विश्वास ठेवणाऱ्यांनी एकही भिंत बांधून बळकट केली नाही. अखेर २९ सप्टेंबरला गणपती बोळवून माणसे निजली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे ढिगारा झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ. सरकारी नोंदीतच मृतांचा आकडा ७,९०० च्या वर आहे.

जगाच्या हिशेबात ६.२ हा काही प्रलयंकारी भूकंप नव्हे. मग एवढी माणसे मेली कशी? त्यासाठी ती भिंत पाहिली पाहिजे. दोन-अडीच फूट जाड. बाहेरून दगडांचा एक थर, आतून दुसरा, मधल्या पोकळीत गोटे आणि चिखल. दोन्ही थरांना गुंतवणारा आरपार दगड नाही, कोपऱ्यांत सांधा नाही, चारही भिंतींना कवळून धरणारी पट्टी नाही. माथ्यावर माळवद. ते गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा मातीचा थर चढायचा. आजाने टाकलेल्या थरावर बापाचा, बापाच्या थरावर मुलाचा. जमीन काही सेकंद हलली तेव्हा बाहेरचा थर गल्लीत पडला, आतला निजलेल्यांच्या अंगावर, आणि सगळ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्यांचे मातीचे ओझे. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या, भिंतींनी मात्र माणसे गाडली. गावाच्या कडेच्या कुडाच्या खोपटांत राहणारे पुष्कळदा वाचले. ज्या दगडी वाड्याचा गावाला अभिमान होता, तोच धन्याची कबर झाला.

इलाज माहीत नव्हता असे कुणी म्हणू नये. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावे नव्या जागी वसली, जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण झाले. भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, जोत्यावर, दारा-खिडक्यांवर आणि छताखाली पट्टी कशी फिरवायची, हे गावच्या गवंड्यांना शिकवले गेले. तीच कला सरकारी मानकांतही छापली आहे. पुढे काय झाले? प्रकल्प संपला, फायली बांधल्या, तेव्हा शिकलेले गवंडी म्हातारे झाले आणि नव्या पोरांना शिकवायची तजवीज कुणी केली नाही. एवढ्या मरणांची किंमत देऊन मिळालेली विद्या अशी वाया घालवणे हा आमच्या मते गुन्हा आहे.

आज मराठवाड्यात दगड-माती जाऊन सिमेंट आले, पण खोट तीच राहिली. नांदेडच्या कुठल्याही नव्या वस्तीत जा. खाली गाडीसाठी किंवा दुकानाच्या शटरसाठी मोकळे कॉलम, वर विटांच्या भिंतींचे तीन मजले. धक्का बसला की सगळा ताण त्या खालच्या कॉलमांवर येतो, आणि तेच सर्वांत दुबळे. आतल्या सळयांना कवळणाऱ्या रिंगा जवळजवळ हव्यात, त्यांची टोके आत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात रोवलेली हवीत. प्रत्यक्षात रिंगा वीतभर अंतरावर आणि टोके काटकोनात सोडलेली! वरून गिलावा झाला की पाप झाकले जाते. २००१ च्या भुजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या इमारती बसल्या, हे आमच्या अभियंत्यांना ठाऊक नाही काय? घरमालकांनाही आम्ही सोडणार नाही. दर्शनी भागाच्या टाइल्सवर लाखभर रुपये उधळणारा माणूस रिंगांसाठीच्या चार किलो लोखंडात घासाघीस करतो, तेव्हा तो आपल्याच मुलांच्या जिवाशी खेळत असतो.

आणि या सगळ्यावर सरकारची मोहोर! गुंठेवारी, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांवरची घरे, नियमित करण्याचा कायदा २००१ साली आला. २०२१ साली मुदत वाढवून २०२० अखेरपर्यंतची बांधकामे त्यात आणली. गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर कायदेशीर व्हावे, याला आमचा विरोध नाही, उलट पाठिंबा आहे. परंतु शुल्क भरले, नकाशा जोडला, शिक्का पडला. त्या घराचे कॉलम कुणी तपासले? तुर्कस्तानने २०१८ साली बेकायदा इमारतींना पैसे घेऊन अशीच माफी दिली. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात तिथे पन्नास हजारांहून अधिक माणसे मेली.

गरिबाने मजबुतीचा खर्च कुठून आणायचा, असे विचारणारे भेटतील. गुंठेवारीच्या शुल्कातून आणायचा! ते पैसे रस्ते-दिव्यांबरोबर घरांच्या तपासणीला आणि मजबुतीलाही लागले पाहिजेत. घरकुलाचा हप्ता देताना पट्टी घातली की नाही हे कनिष्ठ अभियंत्याने स्वतः पाहून सही करावी, आणि खोटी सही करणाऱ्याला घरी बसवावे. आयटीआयमध्ये गवंड्यांचे भूकंपरोधक बांधकामाचे वर्ग पुन्हा भरवावेत. जिल्हा परिषदेच्या शाळा आणि सरकारी दवाखाने यांची तपासणी तर सर्वांत आधी, कारण तिथे आपण आपली लेकरे आणि आजारी माणसे सरकारच्या भरवशावर ठेवतो. येत्या ३० सप्टेंबरला किल्लारीला श्रद्धांजली वाहायला जे मंत्री येतील, त्यांनी येताना लातूर, धाराशिव, नांदेड आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या तपासलेल्या आणि धोकादायक ठरलेल्या इमारतींची गाववार यादी आणावी आणि ती तिथे, सर्वांसमक्ष वाचून दाखवावी.