ओव्याचं पाणी

पहिला जोरदार पाऊस पडला की ओव्याच्या पाठीमागचा खारघरचा डोंगर एका रात्रीत पांढऱ्या रेघांनी भरून जातो. गाव आता पनवेल महापालिकेत, पण पाण्याला ते ठाऊक नाही. ते उतरतं जुन्याच वाटांनी, नि शेवटी खाडी गाठतं. शंभर मीटरहून उंच पांडवकडा धबधबा सगळ्यांना माहीत असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या लोंढ्यात चार विद्यार्थिनी वाहून गेल्या, आणि दर पावसाळ्यात तिथे बंदीचा फलक लागतो, तो लागायलाच हवा. मला मात्र त्या बिननावाच्या ओहोळांची ओढ अधिक. डोंगरावरच्या फणसवाडी, चाफेवाडीसारख्या आदिवासी पाड्यांचं सारं वर्ष त्यांच्यावर बेतलेलं: शेवळं, मग टाकळा, भारंगी, कंटोली या रानभाज्या, नि त्या घेऊन खाली येऊन वाटे मांडून बसलेल्या बाया. जूनमध्ये दणाणणारा ओहोळ मार्चपर्यंत कोरडा पडतो, कारण कातळ पाणी धरत नाही. धरते ती झाडांखालची माती. म्हणून उतारावरची झाडी गेली, वणवा लागला, की झरा लवकर आटतो आणि हंड्याची पायपीट वाढते. खाली सिडकोच्या नगरात टाक्या भरलेल्या असतात तेव्हा वर बाई खड्ड्यातून वाटीने पाणी भरत असते, हे मला सहन होत नाही. ओहोळ बुजवून त्यावर रस्ता टाकण्याआधी त्या पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना विचारा. पाणी कुठून येतं नि कुठे मुरतं, ते त्यांना पावलापावलाने ठाऊक आहे.