मोमो, रिस्लिंग आणि मोह

इटियाडोह धरण पाहायला आलेल्या पाहुण्यांना मी गोठणगावच्या नोर्ग्येलिंग तिबेटी वसाहतीत नेतोच. १९७२पासूनची ही वस्ती. तिथले मोमो, थुकपा आता आमच्याच अर्जुनी मोरगाव तालुक्याचे. यंदा पुण्याच्या एका पाहुण्याने जर्मन रिस्लिंग वाइनचं कौतुक लावलं. म्हणे, चिनी जेवणाबरोबर हीच हवी. (तिबेटी ताटाला चिनी म्हणू नका, निदान या वसाहतीत तरी!) मुद्दा मात्र बरोबर. तिखटाला किंचित गोडवा आणि कमी अल्कोहोल मानवतं. कडक दारूने मिरची आणखी भडकते. म्हणून लाल चटणीवर मोहाची दारू मीही सुचवणार नाही. पण थुकप्याच्या सौम्य रश्शाशी मोहाचा तो उग्र, गोडसर वास जुळेल, असं माझं मत. ते पडताळायचं कुठे? नाशिकच्या वाइनला चाखण्याची दालनं, मोहाच्या वाट्याला धाडी.

इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांवरच कायदा लादला. महाराष्ट्राने २०२१मध्ये फुलं वेचण्या-नेण्यावरची बंधनं सैल केली, दारूचं काय? शेजारच्या मध्य प्रदेशाने ती ‘हेरिटेज’ ठरवून आदिवासी बचतगटांच्या हाती दिली, अलिराजपुरात आणि दिंडोरीत. आमच्या अर्जुनी मोरगावच्या बायकाही मोह वेचतातच. त्यांनाही तसाच परवाना द्या.