सेकंद मोजणारं घड्याळ मेंदूत नाही

दीड सेकंद म्हणजे नेमका किती वेळ, हे मेंदूला कसं कळतं? या प्रश्नाचं प्रदीर्घ काळ चालत आलेलं उत्तर असं, की मेंदूत एक यंत्रणा ठोके देते, दुसरी ते मोजते आणि ठरलेला आकडा भरला की कृती होते. मिशेल ट्रीझमन यांनी १९६३ मध्ये ही कल्पना मांडली. १९८४ मध्ये जॉन गिबन, रसेल चर्च आणि वॉरन मेक यांनी तिला स्मृतीची जोड देऊन सविस्तर सिद्धांताचं रूप दिलं. उत्तर सुटसुटीत आहे आणि वर्तनाविषयीचे अंदाजही बरेच बरोबर देतं. पण चेतापेशींच्या नोंदी पाहिल्या, तर ते आता सोडून द्यायला हवं, असं माझं मत आहे.

एमआयटीतल्या मेहरदाद जझायरी यांच्या प्रयोगशाळेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग पाहा. माकडांना खूण दिल्यावर कधी ८००, तर कधी १५०० मिलिसेकंद थांबून कृती करायला शिकवलं होतं. मोजणीची कल्पना खरी असती, तर पेशींची सक्रियता दोन्ही वेळा सारख्याच गतीने वाढली असती आणि फक्त थांबण्याचा आकडा बदलला असता. मेंदूच्या पुढच्या भागातल्या मध्यवर्ती पट्ट्यात वेगळंच दिसलं. काही पेशींची सक्रियता चढत गेली, काहींची उतरत गेली, तर काहींची वरखाली होत राहिली. प्रत्येकीची चाल निराळी; तरीही अनेकींच्या बाबतीत तीच चाल थोड्या वेळासाठी आखडली आणि जास्त वेळासाठी ताणली गेली. तबलजी एकच ठेका ठायीत आणि दुगुणात वाजवतो, तेव्हा बोल तेच राहतात आणि लय बदलते. इथेही तसंच घडतं. म्हणजे वेळ आकड्यात साठवलेली नसते. पेशींचा समूह एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत ज्या वेगाने सरकतो, त्या वेगात ती असते. एक जुना पेचही यामुळे सुटतो. कालावधी जितका मोठा, साधारण त्याच प्रमाणात आपली चूकही मोठी होते. सुटे ठोके मोजताना होणारी चूक मात्र एवढ्या वेगाने वाढत नाही, त्यामुळे मोजणीवाल्यांना वेगळी गृहीतकं जोडावी लागतात. वेगच जर थोडा इकडेतिकडे होत असेल, तर चूक कालावधीच्या प्रमाणात वाढणं ओघानेच येतं.

पहिला आक्षेप रास्त आहे: ही वेळेची जाणीव कशावरून, हालचालीची निव्वळ पूर्वतयारी कशावरून नाही? पण याच प्रयोगात माकडांना कधी डोळ्यांनी, तर कधी हाताने उत्तर द्यायचं होतं आणि चाल ताणली जाण्याचा प्रकार दोन्हीकडे दिसला. दुसरा आक्षेप असा, की पेशींची चाल आणि वेळ सोबत दिसतात एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. म्हणून वेग मुद्दाम बदलून पाहायला हवा. २०१४ मध्ये उंदरांच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये अशीच ताणली जाणारी चाल आढळली होती. तो भाग थोडा थंड केल्यावर उंदरांची कृती लांबली. लिस्बनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये मेंदूत खोलवर असलेल्या स्ट्रायटमचं तापमान बदललं, तेव्हा तिथल्या पेशींच्या चालीबरोबर उंदरांचे कालावधीचे अंदाजही बदलले.

तिसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे: वेग ठरवणारं कुणी असेल, तर तेच घड्याळ नव्हे का? माकडांच्या प्रयोगात त्याचाही सुगावा लागतो. कॉर्टेक्सला संदेश पाठवणाऱ्या थॅलॅमसमध्ये चाल तशी ताणली जात नव्हती. तिथल्या सक्रियतेची पातळी मात्र हव्या असलेल्या कालावधीनुसार बदलत होती. म्हणजे थॅलॅमस वेग ठरवणारा संदेश देतो आणि बाकीचं काम पेशींचं जाळं करतं, असा अर्थ लावणं सयुक्तिक ठरतं. ठोके साठवणारा हिशेबनीस या चित्रात कुठेच लागत नाही.

या दाव्याला मर्यादाही आहे. दिवस-रात्रीचं चक्र हायपोथॅलॅमसमधला एक छोटा पेशीसमूह राखतो आणि सेकंदाच्या अंशातल्या हालचालींच्या जुळणीत लहान मेंदूचा मोठा वाटा असतो. काही सेकंदांच्या अंदाजासाठी मात्र वेगळ्या मोजणी-यंत्राची गरज उरलेली नाही. संशोधकांनी आता मेंदूत ठोके शोधण्यात वेळ न घालवता हा वेग कशाने ठरतो आणि कशाने बिघडतो, हे तपासावं. पार्किन्सनच्या रुग्णांचे कालावधीचे अंदाज का चुकतात, याचं उत्तरही त्याच वाटेने मिळण्याची शक्यता अधिक आहे.