झुंज लावायची तर नियम हवेत

— द्वितीय वर्ष, कला

वाघ आणि सिंह यांची गाठ पडली तर कोण जिंकेल, हा प्रश्न ज्याला लहानपणी पडला नाही असा माणूस विरळाच. पुढे वय वाढते, पण प्रश्न सुटत नाही. वाघसिंहांच्या जागी दुसरी नावे येतात एवढेच. कोणी गॉडझिला आणि किंग काँग यांना समोरासमोर उभे करतो, कोणी सुपरमॅनच्या अंगावर बॅटमनला घालतो. आणि आपल्याकडे चार मुले जमली की आज ना उद्या कर्ण आणि अर्जुन यांचा विषय निघतोच. मग आवाज चढतात, जुनी मैत्री पणाला लागते, आणि शेवटी ज्याचा घसा मोठा त्याचा नायक जिंकतो.

वडीलधाऱ्यांना हा पोरखेळ वाटतो. लेखक ठरवील तो जिंकेल, एवढे म्हणून ते मोकळे होतात. स्पायडरमॅनचे एक जनक स्टॅन ली यांनीही अशा प्रश्नांना याच अर्थाचे उत्तर दिले होते. उत्तर बिनतोड आहे, पण त्याने वाद मिटत नाही. कारण लेखकाने ठरवले तरी ते वाचकाला पटावे लागते. मॉरिस लब्लां या फ्रेंच लेखकाने १९०६ मध्ये आपल्या आर्सेन ल्युपॅ या चोराची गाठ थेट शेरलॉक होम्सशी घालून दिली. होम्सचे जनक कॉनन डॉइल यांनी हरकत घेतली, तेव्हा लब्लांने एक अक्षर इकडून तिकडे नेऊन ‘हेरलॉक शोल्म’ असे नाव केले आणि खेळ पुढे चालू ठेवला. घरचे मैदान ल्युपॅचे, पंच ल्युपॅचा बाप. असल्या सामन्यात होम्सचे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको.

तेव्हा झुंज लावायची तर नियम हवेत. आपल्या तालमीत वस्ताद जोड लावतो तेव्हा वजन पाहतो, वय पाहतो, कुस्ती निकाली की बरोबरीत सोडवायची हे आधी सांगतो. काल्पनिक झुंजींच्या जगभरच्या शौकिनांनीही असे नियम बसवले आहेत, आणि ते वाचताना मला नवल वाटले ते त्यांच्या काटेकोरपणाचे. कोणत्या ग्रंथातले पात्र घ्यायचे? कोणत्या काळातले? पुरावा म्हणून काय धरायचे: पात्राने केलेली करणी, की त्याच्याविषयी कोणी काढलेले उद्गार? शस्त्रे कोणती, जागा कोणती, तयारीला वेळ किती?

काळाचा नियम वरवर क्षुल्लक वाटतो, पण त्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही. १९३८ साली सुपरमॅन प्रथम छापला गेला तेव्हा त्याला उडता येत नव्हते. एका झेपेत तो मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे सुमारे दोनशे मीटर, ओलांडीत असे. आजचा सुपरमॅन आकाश पालथे घालतो. नुसते ‘सुपरमॅन’ म्हणून वादाला बसणारे दोघे प्रत्यक्षात दोन निराळ्या माणसांविषयी बोलत असतात.

तयारीच्या वेळेचा नियम तर फारच गमतीचा. बॅटमनला महिनाभर आधी शत्रूचे नाव कळवा, तो कोणालाही पाडील असे त्याचे भक्त म्हणतात. आयत्या वेळी गाठ घाला, तर तो साधा हाडामांसाचा माणूस. म्हणजे निकाल झुंजीत लागत नाही, नियम करतानाच लागतो. ज्याने अट घातली त्याने सामना मारला.

नियम नको, बहुमत घ्या, असे कोणी म्हणेल. तेही करून झाले आहे. डीसी आणि मार्व्हल या अमेरिकेतील दोन प्रतिस्पर्धी प्रकाशनसंस्थांनी १९९६ मध्ये आपापले नायक एकमेकांविरुद्ध उतरवले. अकरा लढती झाल्या. त्यांतील पाचांचा निकाल वाचकांच्या मतांवर सोपवला होता. वुल्व्हरिन हा लोकांचा लाडका, म्हणून त्याने लोबो नावाच्या जवळजवळ अमर गड्याला हरवले. कसे हरवले? ते आपल्याला दिसतच नाही. मारामारी गुत्त्याच्या फळीआड होते आणि थोड्या वेळाने वुल्व्हरिन एकटा वर येतो. मते पडली होती, डाव सुचला नव्हता! पुराव्यावाचून मिळालेला विजय असा फळीआडच उरकावा लागतो.

आता माझे म्हणणे. या नियमांत दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ होते. ग्रंथ, काळ आणि साक्ष यांचे नियम हे पुराव्याचे नियम. ते कितीही कडक केले तरी चालतील. वाचनाची शिस्त म्हणतात ती हीच. दुसरी जात बरोबरी साधण्याच्या नियमांची: याचे शस्त्र त्याला द्या, त्याचा अडसर काढा, दोघांना सारखे करा. दिसायला हे न्यायाचे वाटते. मला ते घातक वाटते.

१९३३ च्या चित्रपटातला किंग काँग पाहा. न्यूयॉर्कमध्ये तो साधारण चोवीस फुटांचा आहे. एम्पायर स्टेट इमारतीच्या माथ्यावर विमानांच्या गोळ्या खाऊन तो मरतो. १९५४ चा जपानी गॉडझिला पन्नास मीटर उंच. या दोघांची झुंज लावली तर ती झुंज नव्हे. म्हणून १९६२ मध्ये जपानी चित्रपटवाल्यांनी काँगला पंचेचाळीस मीटरांचा केला, वर विजेच्या झटक्याने त्याचे बळ वाढते अशी सोयही करून ठेवली. शेवटी दोघे समुद्रात पडतात आणि काँग पोहत निघून जातो. (जपानी प्रतीत गॉडझिला जिंकतो, अमेरिकी प्रतीत काँग, अशी कथा अनेक वर्षे सांगितली जाते, ती खोटी आहे.) बरोबरी झाली खरी. पण जो विमानांसमोर लहान होता म्हणून आपल्याला त्याची दया आली, तो काँग या पंचेचाळीस मीटरांत कुठे राहिला?

आता आपल्या घरच्या वादाकडे येतो. महाभारत कोणाला इतिहास वाटेल, कोणाला धर्मग्रंथ. त्या श्रद्धेला मी हात लावीत नाही. ग्रंथात जे आहे तेवढ्यापुरते बोलतो.

प्रथम ग्रंथ कोणता? आपल्या पिढ्यांचा कर्ण घडला तो शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंच्या ‘राधेय’ (१९७३) यांतून, आणि १९८८ पासून दूरदर्शनवर दिसलेल्या मालिकेतून. या कादंबऱ्या मलाही प्रिय आहेत. पण पुरावा म्हणून त्या चालणार नाहीत, कारण त्यांत पंच आधीच कर्णाच्या बाजूचा आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक खपून, साडेबाराशेहून अधिक हस्तलिखिते पाहून, चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’ लिहिताना तिचाच आधार घेतला. या आवृत्तीने काही आवडते प्रसंग मुख्य संहितेतून काढून तळटीपांत टाकले आहेत. ‘मी सूताला वरणार नाही’ हे स्वयंवरातील द्रौपदीचे वाक्य त्यांतलेच. कर्णाच्या बाजूचा आपला निम्मा संताप या एका वाक्यावर उभा आहे!

मग करणी. घोषयात्रेत गंधर्वांनी कर्णाचा रथ मोडला, तो दुसऱ्याच्या रथावर बसून निघून गेला आणि दुर्योधनाला सोडवले ते पांडवांनी. त्या वेळी कवचकुंडले कर्णाच्या अंगावरच होती. विराटाच्या गोग्रहणात तर एकट्या अर्जुनाने भीष्मद्रोणांसह कर्णाला मागे रेटले. हे पुरावे कर्णाच्या बाजूच्यांनी, म्हणजे आम्ही, गिळून टाकून चालणार नाही. साक्षी मात्र जपून घ्याव्या लागतात. भीष्म कर्णाला भरसभेत अर्धरथी म्हणतात आणि शरशय्येवर पडल्यावर त्याच्या पराक्रमाची वाखाणणी करतात, तुझे तेज कमी व्हावे म्हणून कठोर बोललो असे सांगतात. साक्षीदार एक, जबान्या दोन.

यावर ठरलेले उत्तर येते: कवचकुंडले असती तर, शाप नसते तर, वासवी शक्ती घटोत्कचावर खर्ची पडली नसती तर, शल्याऐवजी भला सारथी असता तर! हा बरोबरी साधण्याचा नियम. पण कवच परत देताना आपण कर्णापासून काय काढून घेतो? समोरचा ब्राह्मण इंद्र आहे हे ठाऊक असून ज्याने ते अंगावरून कापून दिले, तो कर्ण. ज्याने दिले नाही तो कोणी दुसराच धनुर्धर; त्याच्यासाठी मी कशाला भांडू? परशुरामांचा शाप पुसायचा तर कुळ लपवून विद्या घ्यावी लागली हेही पुसावे लागेल. तेवढे पुसले की सूतपुत्राला उघडपणे गुरू मिळाला असे होते, आणि मग तो दुर्योधनाच्या रथात बसेल कशाला? धागा ओढता ओढता सगळे वस्त्र उसवते.

तर मग काल्पनिक झुंज लावूच नये काय? लावावी, पण माणसे आहेत तशी ठेवून. महाभारतात अशी एक जागा आहे, तिथे फक्त एक प्रश्न गाळावा लागतो.

द्रोणांच्या शिष्यांची परीक्षा चालू आहे. कर्ण रंगणात येतो आणि अर्जुनाने जे जे करून दाखवले ते ते सर्व करून दाखवतो. द्वंद्व ठरते, दोघे उभे राहतात. तेवढ्यात कृपाचार्य अर्जुनाचे कुळ सांगतात आणि कर्णाला म्हणतात, तूही आपली आई, बाप, वंश सांग. ते कळल्यावर अर्जुन लढेल किंवा लढणार नाही. कर्णाची मान खाली जाते. लक्षात घ्या, कृपाचार्य शिवी देत नाहीत. ते नियम सांगतात! जोड बरोबरीची हवी, हाच तो नियम. घरात ज्यांनी पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढली आहे, त्यांना हा प्रश्न जरा निराळ्या कानांनी ऐकू येतो.

तो प्रश्न गाळा, आणि पुराव्याचे सर्व नियम कडक लावा. काळ त्या दिवसाचा धरायचा. म्हणजे गांडीव नाही, कारण ते पुढे खांडववनाच्या वेळी मिळाले. पाशुपतास्त्र नाही. घोषयात्रा आणि विराटनगर अजून घडायचे आहेत, तेव्हा ते पुरावे इथे लागू नाहीत. अर्जुनापाशी द्रोणांनी दिलेले ब्रह्मशिर अस्त्र आहे, पण ते माणसावर सोडायचे नाही ही गुरूचीच अट. कर्णाच्या अंगावर कवच आहे, आणि ते कोणी उसने दिलेले नाही, जन्माचे आहे. राहिली साक्ष. ती दुर्योधनाची घेऊ नये, तो पक्षपाती. पण प्रतिपक्षाने दिलेली कबुली सर्वांत वजनदार, आणि ग्रंथ सांगतो की त्या दिवसापासून, कर्णासारखा धनुर्धर पृथ्वीवर नाही, असे खुद्द युधिष्ठिराला वाटू लागले.

माझा निकाल असा, की त्या एका दिवशी, त्या एका रंगणात, कर्ण जिंकला असता. पुढच्या कोणत्याही दिवसाबद्दल मी पैज लावणार नाही. ज्याला हे मान्य नसेल त्याने ग्रंथ काढावा आणि आदिपर्वात बोट ठेवून दाखवावे. मी वादाला तयार आहे.

प्रत्यक्षात झाले ते असे. दुर्योधनाने कर्णाला अंगदेशाचा राजा केले, म्हातारा अधिरथ धापा टाकीत आला, कर्णाने भर सभेत त्याच्यापुढे मस्तक लववले, भीमाने चाबूक हाती घेण्याचा टोमणा मारला आणि सूर्य मावळला. दुर्योधन कर्णाचा हात धरून मशालींच्या उजेडात निघून गेला. लोक घरोघर परतले; वाटेने कोणी अर्जुनाचे नाव घेत होते, कोणी कर्णाचे, तर कोणी दुर्योधनाचे.