मेंदूला कॅल्शियम हवे, पण गोळीचे नव्हे!

"डॉक्टर, परीक्षा जवळ आली आहे, स्मरणशक्तीसाठी कॅल्शियम लिहून द्या ना!" असा आग्रह अनेक पालक धरतात. मी लिहून देत नाही. का, ते समजून घ्या.

शरीरातले सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेल्या थोड्या कॅल्शियमचे एक काम म्हणजे मेंदूत निरोप पोचवणे. चेतापेशीला झाडासारख्या फांद्या असतात, त्यांना डेंड्राइट म्हणतात. इतर पेशींचे संदेश या फांद्यांवर येतात. फांदीच्या आत मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पट कमी असते. पेशी ते सतत बाहेर काढत असते. घरात शांतता असली तरच दारावरची टकटक ऐकू येते, तसेच हे.

फांदीवर 'एनएमडीए' नावाची दारे असतात. त्यांत मॅग्नेशियमचा बोळा बसलेला असतो. ग्लुटामेट हे रसायन येऊन चिकटले आणि त्याच वेळी फांदी उत्तेजित असली, तरच बोळा निघतो व कॅल्शियम आत शिरते. थोडा वेळ पण भरपूर शिरले तर ती जोडणी बळकट होते. थोडेच शिरून रेंगाळले तर सैल पडते. शिकण्याचा हा एक पाया आहे.

२०२० साली शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी मेंदूच्या तुकड्यांवरचे एक संशोधन 'सायन्स'मध्ये आले. त्यात काही फांद्यांमध्ये कॅल्शियमच्या अशा लहरी दिसल्या, ज्या बेताच्या संदेशाला पूर्ण प्रतिसाद देतात आणि संदेश फार जोरदार झाला की उलट मंदावतात. म्हणजे एकेक फांदीसुद्धा निवड करते.

आता सांगा, यात गोळी काय करणार? रक्तातले कॅल्शियम पॅराथायरॉइड ग्रंथी आणि ड जीवनसत्त्व साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मर्यादेत राखतात. ते या मर्यादेच्या फार वर गेले तर माणूस उलट गोंधळतो. गरज नसताना घेतलेल्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होऊ शकते, मुतखड्याचा धोकाही वाढू शकतो.

तपासणीत कमतरता निघाली तर गोळी जरूर घ्या. हाडांसाठी मुलांना दूध, दही, नाचणी, तीळ द्या. स्मरणशक्तीसाठी मात्र पुरेशी झोप आणि पुन्हा पुन्हा उजळणी हवी. कॅल्शियमचे ते दार अभ्यासाने उघडते, औषधाच्या दुकानातून नाही.